हात लावून खो

एस.टी.ची वेळ झाली असं सांगून नीरजा घरातून निघाली, तेव्हा एस.टी. यायला बराच अवकाश होता. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, देवळाच्या दारातून हाक मारली. देऊळवाडीच्या देवीची पूजा त्यांच्याकडे होती.

"गो, देवीचा फूल तरी घेऊन जा. फायनल आसा ना आज?"

"उशीर झालो," म्हणत ती देवळाच्या पायरीलाही न शिवता पाणंदीला लागली. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

पहाटे न्हाणीघरात तिला कळलं होतं, की आज ती बाहेरची झाली. त्यांच्या घरात एवढं सांगितलं की पुढचं सगळं ठरलेलं असे. मागच्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेईपर्यंत तिने कोणाला शिवायचं नाही. माई, तिची आई, तिथे भात वाढायची तीही वरून, हात लांब धरून. कालपर्यंत नीरजाने यात कधी काही चुकवलं नव्हतं. आज तिने माईला सांगितलंच नाही. दप्तराच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या घड्या कोंबल्या आणि चहाही न पिता ती निघाली.

सांगितलं असतं तर खेळ संपला असता, आजचाच नव्हे, कायमचा. अप्पांनी गणपतीतच सांगून टाकलं होतं, "जिल्ह्याच्या संघात नाव इला तर शिबिराक जा, मी अडवचंय नाय. नाव नाय इला तर ह्या वर्षापासून खेळणा पुरे. घोडी झालंस आता." आणि जिल्ह्याचा संघ निवडणारी मंडळी आजची फायनल बघायला येणार होती.

एस.टी.च्या थांब्यावर संघातल्या मुली दोन घोळक्यांत उभ्या होत्या. आंब्याच्या एका बाजूला देऊळवाडीच्या, दुसऱ्या बाजूला खाजणवाडीच्या. सहा महिने एका संघात खेळूनही त्या तशाच उभ्या राहत.

त्याचं असं झालं होतं. देऊळवाडी टेकडीवर आणि खाजणवाडी खाली खाडीकडच्या मळ्यात. दोन्हीकडे हायस्कूल, दोन्हीकडे मुलींचा खोखोचा संघ, आणि तालुक्याच्या फायनलला दरवर्षी हेच दोन संघ समोरासमोर. गेल्या वर्षी तर खाजणवाडीच्या मथुराने नीरजाची वेणी धरली की नीरजाने मथुराला धक्का दिला, यावरून दोन वाड्यांत बाप्यांची भांडणं झाली. मग ज्येष्ठातल्या वादळात खाजणवाडीच्या शाळेचं छप्पर उडालं. आठवी ते दहावीचे वर्ग देऊळवाडीच्या शाळेत बसू लागले, मुलांची नावंही त्याच शाळेच्या पटावर चढली. शाळा एक, म्हणून संघही एक. नीरजा कप्तान आणि मथुरा उपकप्तान, हे धुरी सरांनी चिठ्ठी टाकून ठरवलं, तरी खाजणवाडीने ते मनाला लावून घेतलंच.

धुरी सर फार बोलत नसत. त्यांनी एकच गोष्ट केली. खोखोत आठ जणी ओळीने बसतात. एकीचं तोंड पूर्वेकडे तर शेजारणीचं पश्चिमेकडे. सरांनी देऊळवाडीच्या सगळ्या पूर्वेकडे तोंड करून बसवल्या आणि मधल्यामधल्या चौकोनांत खाजणवाडीच्या पश्चिमेकडे तोंड करून. पाठलाग करणारी ज्या बाजूने पळत असेल, त्या बाजूला जिची पाठ असेल तिलाच ती खो देऊ शकते. त्यामुळे देऊळवाडीची मुलगी उठून धावली की समोर पाठ यायची ती खाजणवाडीचीच. आवडो न आवडो, तिच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणावंच लागे.

एस.टी.त बसल्यावर नीरजाला नेमकं हेच आठवलं. पळताना कोणाला शिवावं लागत नाही, एवढाच विचार करून ती घरातून निघाली होती. खो द्यायला हात लावावा लागतो हे जणू तिच्या ध्यानातच नव्हतं. खिडकीबाहेर बघत तिने मनाशी ठरवलं, हात अगदी पाठीपर्यंत न्यायचा आणि बोटभर अंतरावर थांबवायचा. 'खो' मोठ्याने म्हणायचं. एवढ्या धावपळीत कोण बघतो?

मालवणच्या मैदानावर गर्दी होती. समोर बंदराजवळच्या शाळेचा संघ होता, सगळ्या एका उंचीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. पहिला पाठलाग त्यांचा. त्यांनी नीरजाच्या संघातल्या पुष्कळ जणी टिपल्या, पण नीरजा त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही. ती वाऱ्यासारखी सुटली होती. कडेला खुर्च्यांवर बसलेल्या निवड समितीतल्या एका बाई पुढे वाकून बघू लागल्या.

मग पाठलाग नीरजाच्या संघाचा. आठ जणी बसल्या. नीरजा खांबापाशी उभी राहिली. शिट्टी झाली तशी ती सुटली. पळणारी मुलगी मथुराच्या जवळून पलीकडे निसटली. नीरजा मथुराच्या पाठीशी पोचली, हात पुढे झाला, बोटभर अंतरावर थांबला.

"खो!"

मथुरा अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. शिट्टी. पंचांनी हात वर केला. फाऊल. नीरजाला उलट्या दिशेने पळावं लागलं आणि तेवढ्यात समोरची मुलगी आरामात दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"हात लागूक नाय," मथुरा दात आवळून म्हणाली.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा नर्मदाची पाठ समोर आली, खाजणवाडीच्याच नर्मदाची, तर नीरजाने खो दिलाच नाही. तशीच खांबापर्यंत धावत गेली. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "ही एकटीच खेळता काय गो?" पळणारी हातातून गेली. त्या खुर्चीतल्या बाई मागे टेकून बसल्या.

तसले एकदोन खो पंचांच्या नजरेतून सुटले, तेव्हा नीरजाला बसावंही लागलं आणि तिच्या पाठीवर हात पडत होते. एकदा नर्मदाचा, दोनदा सत्यवतीचा. प्रत्येक हाताबरोबर ती दचकून उठत होती. त्या शिवल्या, मी नाही, असं ती मनाला सांगत होती. पण माईने हे ऐकून घेतलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

पाठलाग संपला तेव्हा त्यांचा संघ तीन गड्यांनी मागे होता.

मैदानाच्या कडेला भेंडीचं मोठं, सावलीचं झाड होतं. मुली तिथे येऊन टेकल्या. मथुरा बसली नाही.

"तुझो हात माझ्या पाठीर कित्याक टेकत नाय?" तिने विचारलं.

नीरजाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"सरावात टेकाय ना? मगे आज काय झाला? एवढी माणसा बघतत म्हणान? देऊळवाडीच्या पुजाऱ्याचा चेडू खाजणवाडीच्या पाठीक हात लावता, ह्या लोकांका दिसाक नको, असाच ना?"

"तसा नाय," नीरजा म्हणाली.

"मगे कसा ता सांग."

"माझ्याकय पण हात आणूक नाय तिना," नर्मदा म्हणाली. ती गुडघ्याला बांधलेली पट्टी सोडत होती. "मी खेळत नाय जा. तुमच्या तुमी पाच जणी खेळा, आमी बघतंव."

"तुमचा हा नेहमीचाच," सत्यवती उसळली. ती देऊळवाडीची, नीरजाच्या शेजारच्याच घरची. "हरूक लागल्यार घराक जावचा."

"आणि तुमचा नेहमीचा काय? वर बसान खाली थुकायचा?"

धुरी सर पाण्याची कळशी शोधत तिथे आले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग नीरजाकडे.

"नीरजा, काय झालंय?"

सरांना काय सांगणार? ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"बरं. मी पाणी घेऊन येतो," ते म्हणाले. "विहीर जरा लांब आहे. मी येईपर्यंत काय ते तुमचं तुम्ही बोलून घ्या. खेळायचं नसेल तर तेही ठरवा, मी पंचांना सांगेन. पण ठरवायचं सगळ्यांनी."

ते गेले. खाजणवाडीच्या आणखी दोघींनी पट्ट्या सोडायला घेतल्या. नीरजाने त्या सुटणाऱ्या पट्ट्या पाहिल्या. बोलावं तर बोभाटा, न बोलावं तर खेळ इथेच संपला.

"मी बाहेरची झालंय," ती म्हणाली. "सकाळी. घराक सांगूक नाय."

नर्मदाचे हात पट्टीवरच थांबले.

"मी तुमका कोणाक शिवूक नाय," ती घाईघाईने पुढे म्हणाली. "म्हणानच हात टेकवलंय नाय. खाजणवाडी, देऊळवाडी काय नाय त्येच्यात."

"पण आमी तुका शिवलंव," सत्यवती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने आपला उजवा हात अंगापासून लांब धरला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "मीच खो दिलंय तुका. दोनदा. उद्या जत्रा आसा, नीरजा. निवेद्याचो मान आमच्या घराचो. तांदूळ माझ्या हातान धुवचे आसत. तुका माहीत होता ना सगळा?"

"होता."

"तरी इलंस?"

नीरजाने मान हलवली. ती तरी आली होती, यात खोटं काहीच नव्हतं.

मथुरा तेवढ्यात खाली बसली. तिचा राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं असं दिसलं.

"एवढाच होता?" तिने विचारलं. "आणि मी काय काय इचार केलंय. लावणीच्या दिवसांत माझी आय कशी करता सांगू? चुलीकडे जाणा नाय ती. पण मळ्यात उतरता. भाताच्या तरव्याची मूठ एकीन दुसरीच्या हातात देऊचीच लागता, नायतर लावणी व्हतली कशी? पाऊस थांबान रवता काय चार दिवस?"

"ता तुमच्याकडे," सत्यवती म्हणाली.

"हो, आमच्याकडे. तुमचा तुमी बघा." मथुरा नीरजाकडे वळली. "तू माका हात लाव. नर्मदाक लाव. खाजणवाडीच्या चौघींका लाव. आमका काय व्हणा नाय. सत्यवतीचा काय करूचा ता सत्यवती बघतली."

"माका लावू नको," सत्यवती म्हणाली. "बाकी तुमका काय होया ता करा. मी सांगणंय नाय कोणाक."

नर्मदाने सोडलेली पट्टी पुन्हा बांधायला घेतली. "आदीच सांगलंस असता तर," ती गाठ मारता मारता म्हणाली, "तीन गडी तरी वाचले असते गो बाय."

सर पाणी घेऊन आले. त्यांनी पट्ट्या बांधलेल्या पाहिल्या आणि कळशी खाली ठेवली.

पुढचा पाठलाग बंदराच्या संघाचा. मथुरा आणि नर्मदा अशा काही पळाल्या की कॅनव्हासचे बूट नुसते घसरत राहिले. खाजणातल्या बांधांवर वाढलेल्या पोरी त्या; अरुंद जागेत अंग कसं चोरायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही नव्हती. तरी शेवटी हिशोब झाला तेव्हा जिंकायला आठ गडी टिपायचे होते. बंदराच्या संघाविरुद्ध त्या स्पर्धेत कोणालाही एका पाठलागात आठ टिपता आले नव्हते.

शिट्टी झाली. नीरजा सुटली. मथुराची पाठ समोर आली. या वेळी हात थांबला नाही. तळहात पाठीवर पडला तो घामाने ओल्या ब्लाऊजवर, चांगला जोरात.

"खो!"

मथुरा उठली ती उठतानाच सूर मारून. पहिली मुलगी बाद. उठता उठता ती म्हणाली, "जरा हळू लाव गो, पाठ मोडशीत," आणि पुढे पळाली.

मग खेळ जमला. मथुरा, नर्मदा, पुन्हा नीरजा. दोन, तीन, पाच. पण एकेक खो झाला की उठलेली आणि बसलेली जागा बदलतात, आणि सकाळी सरांनी बसवलेली ओळ हळूहळू विस्कटत गेली. देऊळवाडीच्या काही जणी आता पश्चिमेकडे तोंड करून बसल्या होत्या. नीरजा प्रत्येक वेळी धावण्याआधी ओळीवरून नजर फिरवत होती. सत्यवती कुठे? ती आली की पुढची पाठ गाठायची, दोन पावलं जास्त पडली तरी. एकदा त्यापायी एक गडी निसटला. मथुरा 'चल, चल' म्हणाली, एवढंच.

सात झाल्या. पंच सारखे घड्याळाकडे बघू लागले. समोर उरलेल्या दोघींतली एक होती, त्यांची कप्तान, लांब पायांची. ती मधल्या ओळीतून डावीउजवी करत नीरजाला खेळवत होती. नीरजा तिच्या मागे लागली. कप्तान अचानक वळली आणि दोन चौकोनांच्या मधून पलीकडच्या बाजूला उतरली, आणि तिथे दम घ्यायला क्षणभर थांबली. अगदी समोर, हाताच्या अंतरावर. तिथून तिला गाठू शकणारी एकच होती, आणि तिची पाठ नीरजाच्या पुढ्यात होती. घामाने चिकटलेली वेणी, वेणीला बांधलेली लाल फीत. सत्यवती.

नर्मदा दोन चौकोन पुढे होती. तिथवर पोचेपर्यंत ती कप्तान कुठल्या कुठे गेली असती. नीरजाचा हात वर झाला आणि बोटभर अंतरावर थांबला. या वेळी तिने तो ठरवून थांबवला नव्हता. तो थांबलाच.

सत्यवतीने मान वळवली नाही. ती समोर बघत होती, पळणारीच्या पायांकडे.

"दे गो," ती म्हणाली.

नीरजाचा हात पडला. "खो!"

सत्यवती बसल्या जागेवरून उडालीच. त्या कप्तान मुलीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायच्या आत सत्यवतीची बोटं तिच्या खांद्याला लागली होती. पंचांची शिट्टी एकदा वाजली, बाद झाल्याची. आणि लगेच दुसरी, लांब, वेळ संपल्याची.

मुलींचा ढीग झाला. कोण कोणाच्या अंगावर होती ते कळत नव्हतं. त्या ढिगातून फक्त सत्यवती वेगळी झाली. ती सरळ विहिरीकडे गेली, रहाटाने पाणी ओढलं, आणि खेळाच्या कपड्यांसकट, वेणीसकट, कळशी डोक्यावर ओतली. मग आणखी एक. बंदराच्या मुली हसू लागल्या. बघणाऱ्यांना वाटलं, पोरीला जिंकण्याचा आनंद झाला.

"थंडीन मरशीत," मथुरा तिच्याजवळ जाऊन म्हणाली.

"मरान तांदूळ धुवतंय मगे," सत्यवती म्हणाली आणि तिसरी कळशी ओतली.

निवड समितीच्या बाईंनी नावं वाचली. नीरजाच्या संघातून दोन नावं आली, मथुरा आणि नीरजा. शिबीर कसालला, आणि त्यानंतर स्पर्धा कोल्हापूरला. सत्यवतीचं नाव आलं नाही. ती केस पिळत उभी होती. तिने ऐकलं आणि पिळतच राहिली.

परतीच्या एस.टी.त नीरजा शेवटच्या बाकावर एकटी बसली. थोड्या वेळाने मथुरा येऊन तिच्या शेजारी बसली, अंग चिकटवून.

"घराक काय सांगतलंस?"

"माहीत नाय."

"सांगू नको. चार दिस गेले की संपला. अप्पांका काय कळता?"

"उद्या जत्रा," नीरजा म्हणाली. "अप्पा माका गाभाऱ्याच्या दारात आरतीचा ताट धरूक उभी करतत. दरवर्षी. नाय सांगला तर उद्या थंय उभी रवाक होया." तिने हातांकडे पाहिलं. "आणि सांगला तर शिबीर गेला. आजचा पण कळतला त्यांका. बाहेरची असान खेळूक गेलंय, सगळ्यांका शिवलंय, सगळा."

पुढच्या बाकावर ओली सत्यवती काकडत होती. मथुराने आपल्या पिशवीतली चादर काढून तिच्या अंगावर टाकली.

"तू न्हालंस तर गाभाऱ्यात जाऊक गावतला तुका?" मथुराने अखेर विचारलं.

"चौथ्या दिसापर्यंत नाय."

"मगे सांगूकच होया," मथुरा म्हणाली. ते तिलाही आवडलं नव्हतं असं दिसलं.

थांबा आला तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. अप्पा कंदील घेऊन उभे होते. निकाल त्यांच्या कानावर आधीच पोचला असावा, कारण ते हसत होते, आणि असे हसताना नीरजाने त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं होतं. एस.टी. गेली. अप्पांनी दप्तर घ्यायला हात पुढे केला.

नीरजा एक पाऊल मागे सरली.

"अप्पा, शिवू नका माका."

अप्पांचा हात तसाच राहिला.

"कधीपासून?"

"पहाटेपासून. माईक सांगूक नाय. तसाच गेलंय आणि खेळलंय. खो दिलंय सगळ्यांका, हात लावून. सत्यवतीक पण. ती थंय विहिरीर न्हाली." एका दमात एवढं बोलून ती थांबली, आणि आवाज फुटायच्या आत उरलेलं म्हणाली, "आणि अप्पा, माझा नाव इलाहा. माका शिबिराक जावचा आसा."

अप्पांनी हात मागे घेतला. ते वर टेकडीकडे बघत राहिले. तिथे उद्याच्या जत्रेसाठी देवळाभोवती मांडव घालणं चाललं होतं आणि बांबू ठोकण्याचे आवाज खालपर्यंत येत होते. नीरजाला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं, असंही वाटलं.

रोज तिन्हीसांजेला या वाटेने येताना कंदील घेऊन अप्पा पुढे चालत आणि ती त्यांच्या मागे. आज पाणंद पुरती अंधारली होती. अप्पांनी तिला वाट करून दिली.

"पुढे चल तू," ते म्हणाले. "मी मागसून येतंय."

ती पुढे झाली. अप्पांनी कंदील वर धरला, हात लांब करून, म्हणजे उजेड तिच्या पायांपुढे पडेल. देवळाचं वळण आलं तसं त्यांनी घसा साफ केला.

"सत्यवतीच्या आयेक मी सांगान," ते म्हणाले. "तू चार दिस पडवीत रवतलंस. चुकलंस, ता चुकलंस."

"होय."

मग काही पावलं गेली.

"शिबीर कधी आसा ता?"